घोड्यावर बसायला माणसाला इतका उशीर का लागला?

शिगम्याच्या दिवसांत गोव्यात सत्तरी-डिचोलीकडे घोडेमोडणी नाचते. नाचणाऱ्याच्या कमरेभोवती घोड्याचा सांगाडा बांधलेला, एका हातात लगाम, दुसऱ्या हातात तलवार, पायांत घुंगरू आणि पाठीमागे ढोल-ताशे. सत्तरीच्या राणे घराण्याच्या लढायांची ही आठवण, असं गावोगावी सांगतात. या नाचात घोड्याचे आणि स्वाराचे पाय एकच असतात. त्यामुळे घोड्यावर ओझं किती पडतं, स्वाराचा तोल कसा राहतो, घोडा हुकूम का ऐकतो, असे प्रश्नच तिथे उभे राहत नाहीत. खऱ्या सवारीत मात्र पहिल्या क्षणापासून हेच प्रश्न समोर असतात. त्यांची उत्तरं शोधण्यात माणसाची साडेतीन हजारांहून जास्त वर्षं गेली.

शाळेच्या पुस्तकांत ही सगळी वर्षं एका वाक्यात संपतात: गवताळ प्रदेशातल्या लोकांनी घोडा माणसाळवला आणि त्यावर स्वार होऊन दूरदूरचे मुलूख जिंकले. वाक्य चुकीचं नाही, पण त्यातून असं वाटतं की घोडा पकडला, वर बसलं आणि निघालं. प्रत्यक्षात घोडा पकडणं, त्याच्यावर बसणं, बसून टिकणं, टिकून लढणं या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामध्ये शतकंच्या शतकं गेली आहेत.

घोडा माणसाला फार आधीपासून ओळखीचा होता. फ्रान्समधल्या शोव्हे गुहेच्या भिंतींवर घोड्यांची तीस हजार वर्षांहून जुनी चित्रं आहेत. पण तो घोडा म्हणजे शिकार होती, खाण्याचं मांस होतं. कुत्रा निदान पंधरा हजार वर्षांपूर्वी माणसाच्या सोबतीला आला. शेळ्या, मेंढ्या, गाई साधारण दहा हजार वर्षांपूर्वी आल्या. घोडा आला तो या सगळ्यांच्या कितीतरी नंतर. या उशिराचं मोठं कारण घोड्याच्या शरीरात आणि स्वभावात आहे, म्हणून आधी तिथूनच सुरुवात करू.

घोडा हा पळणारा प्राणी आहे. त्याच्याकडे शिंगं नाहीत, नखं नाहीत. संकट दिसलं की पळायचं, एवढाच त्याचा बचाव. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. पाय असे घडलेले की तो उभ्याउभ्या झोपू शकतो आणि जाग येताच धावू शकतो. गवताळ रानात त्याच्यावर वरून झडप पडते ती वाघ-सिंहासारख्या शिकाऱ्याची, आणि ती पडते पाठीवरच. म्हणजे माणूस जिथे बसायचं म्हणतो, ती जागा घोड्याच्या लेखी मरणाची. पाठीवर काही येऊन पडलं की उसळ्या मारून ते फेकून द्यायचं, हे त्याच्या अंगात लाखो वर्षांपासून मुरलेलं आहे. न शिकवलेल्या घोड्यावर पहिल्यांदा कोणी चढलं की तो बेफाम होतो, त्यामागे हट्ट नसतो. जीव वाचवण्याची धडपड असते.

दुसरी अडचण पाठीचीच. घोड्याचा कणा पुढच्या आणि मागच्या पायांच्या मधोमध अधांतरी असतो. खाली पोटाचं जड ओझं लटकलेलं, वर स्नायू आणि लांबच लांब स्नायुबंध. ही रचना खालून लटकणारं वजन पेलण्यासाठी आहे, वरून दाबणारं वजन पेलण्यासाठी नाही. साठ-सत्तर किलोचा माणूस मधोमध बसला की कणा खाली दबतो आणि मणक्यांची वरची टोकं एकमेकांजवळ येतात. घोडा ओझं वाहू शकतो हे खरं, पण ते नेमकं कुठे आणि कसं ठेवायचं, हे माणसाला शिकावं लागलं.

आता पुराव्यांकडे वळू. आजच्या कझाकस्तानच्या उत्तर भागात बोताई नावाचं ठिकाण आहे. इ.स.पू. ३५०० च्या सुमारास तिथल्या वस्तीत घोड्यांची हाडं प्रचंड प्रमाणात साठली. मातीच्या भांड्यांत घोडीच्या दुधाचे अंश सापडले. काही घोड्यांच्या दातांवर लगामाची झीज दिसते, असंही संशोधकांनी मांडलं. बरीच वर्षं सगळे म्हणत राहिले की सवारीचा उगम सापडला. पण २०१८ साली बोताईच्या घोड्यांचा डीएनए वाचला गेला आणि चित्र पालटलं. आजच्या पाळीव घोड्यांचे ते पूर्वज नव्हतेच. त्यांचं नातं निघालं मंगोलियातल्या प्रझेवाल्स्की घोड्यांशी, ज्यांना आपण आजवर कधीही न माणसाळलेले रानटी घोडे समजत होतो. म्हणजे बोताईच्या लोकांनी घोडे राखले असतील, दुधासाठी आणि मांसासाठी पाळले असतील, पण ती वाट पुढे खुंटली. दातांच्या झिजेवरूनही अजून वाद आहेत.

मग आजचे घोडे आले कुठून? २०२१ साली २७३ प्राचीन घोड्यांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यावरून दिसतं की आजच्या सगळ्या पाळीव घोड्यांचं मूळ व्होल्गा नदीच्या खालच्या भागापासून डॉन नदीपर्यंतच्या गवताळ प्रदेशात आहे. साधारण इ.स.पू. २२०० ते २००० या काळात या घोड्यांची संख्या झपाट्याने वाढली, आणि पुढच्या काही शतकांत युरोपपासून आशियाच्या आतल्या भागापर्यंत जुन्या रानटी वाणांची जागा त्यांनी घेतली. मला सर्वांत मोलाची वाटते ती याच अभ्यासातली दुसरी गोष्ट. या घोड्यांत दोन जनुकांवर जोरदार निवड झालेली दिसते. एकाचा संबंध पाठीच्या मजबुतीशी असावा, दुसऱ्याचा भित्रेपणा आणि चिडखोरपणा कमी असण्याशी. मरण पाठीवरून येतं असं मानणारा स्वभाव आणि वजनाखाली दबणारी पाठ, या दोन्ही अडचणी मी वर सांगितल्या. ज्या घोड्यांत त्या कमी होत्या, त्यांचीच पैदास माणसाने पिढ्यान्‌पिढ्या केली, असं यावरून दिसतं. चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या पशुपालकांना जनुक म्हणजे काय हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण कोणत्या घोडीचं शिंगरू शांत निघतं आणि कोणाची पाठ दुखत नाही, हे त्यांना चांगलं कळत होतं.

याच्याही आधी कोणी घोड्यावर बसत नव्हतं का? बसत असणार. काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या याम्नाया लोकांच्या सांगाड्यांत, साधारण इ.स.पू. ३००० ते २५०० या काळातल्या, मांडीच्या आणि खुब्याच्या हाडांवर सतत सवारी करणाऱ्यांना होतात तसे बदल दिसतात, असा निष्कर्ष २०२३ साली काही संशोधकांनी काढला. इतरांनी लगेच हरकत घेतली की असे बदल इतर कामांमुळेही होतात. मला दुसऱ्या बाजूचं म्हणणं जास्त सावध आणि म्हणून जास्त भरवशाचं वाटतं. तरी एवढं मानायला हरकत नाही की गुरं-मेंढरं राखणाऱ्या एखाद्या धाडसी पोराने घोड्याच्या पाठीवर उडी मारून पाहिली असणारच. एका अंदाजानुसार पायी चालणारा मेंढपाळ कुत्र्याच्या मदतीने दोनशेच्या आसपास मेंढ्या सांभाळतो, घोड्यावर बसलेला पाचशेपर्यंत. सवारीचा पहिला उपयोग लढाईत नव्हता, राखणीत होता, असं मला ठामपणे वाटतं.

लढाईत आधी आला तो रथ. उरल पर्वताच्या दक्षिणेला सिंताश्ता संस्कृतीच्या थडग्यांत, इ.स.पू. २००० च्या सुमाराचे, आऱ्यांच्या चाकांचे हलके रथ सापडले आहेत. सुमेरमध्ये, म्हणजे आजच्या दक्षिण इराकमध्ये, घोड्याच्याही आधी गाढव आणि सीरियातला रानगाढव यांच्या संकरातून जन्मलेले प्राणी युद्धाच्या जड गाड्या ओढत. गाडीला जनावर जुंपण्याची विद्या तिथे बैलांमुळे आधीपासून होती. घोड्याला ओढायला लावणं म्हणजे ओळखीचं काम नव्या जनावराकडून करून घेणं. त्याच्यावर बसून त्याला काबूत ठेवणं ही पूर्णपणे वेगळी विद्या होती.

त्या काळी घोड्यावर बसणं प्रतिष्ठेचंही नव्हतं. युफ्रेटिसच्या काठी मारी नावाचं राज्य होतं. इ.स.पू. अठराव्या शतकातला तिथला राजा झिम्रीलिम याला त्याच्या एका अधिकाऱ्याने पत्र पाठवलं, ते मातीच्या पाटीवर आजही टिकून आहे. महाराजांनी घोड्यावर बसू नये, पालखीतून किंवा खेचरांवरून जावं आणि आपल्या राजेपणाचा मान राखावा, अशी त्यात विनंती आहे. घामाघूम जनावरावर मांड्या पसरून बसणं हे रानातल्या टोळीवाल्यांचं काम, राजाचं नव्हे, असा तो विचार.

आपल्याकडे ऋग्वेदातही रथाचाच मान मोठा. पण पाचव्या मंडलातल्या ६१व्या सूक्तात श्यावाश्व ऋषी मरुतांना विचारतो: तुमचे घोडे कुठे आहेत, लगाम कुठे आहेत, आलात तरी कसे? आणि पुढे वर्णन येतं की घोड्यांच्या पाठीवर बैठक आहे, नाकपुड्यांपाशी वेसण आहे, मागच्या अंगाला चाबूक आहे आणि या वीरांनी मांड्या फाकवल्या आहेत, प्रसूतीच्या वेळी स्त्रिया फाकवतात तशा. सवारीचं इतकं उघडंवाघडं, डोळ्यांनी पाहिलेलं वर्णन प्राचीन वाङ्मयात फार थोड्या ठिकाणी आहे. पाहणाऱ्याला हे दृश्य नवलाचं वाटलं असावं. त्यातला नाकपुड्यांचा उल्लेखही महत्त्वाचा. बैलाला वेसण घालतात त्याच पद्धतीने आरंभी घोड्यालाही नाकावरून वळवत असणार.

नाकावरून तोंडात जाणं ही मोठी झेप होती. घोड्याच्या जबड्यात पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये रिकामी जागा असते, नुसती हिरडी. लगामाची कडी तिथे बरोबर बसते. घोड्याला ती चावून तोडता येत नाही आणि जीभ व हिरडी या दोन्ही नाजूक जागांवर तिचा दाब कळतो. सुरुवातीला ही कडी दोरीची, चामड्याची, हाडाची असे. धातूची कडी इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या मध्यापासून दिसू लागते. यामुळे घोड्याला ताकदीने ओढून वळवण्याची गरज संपली. चारशे किलोच्या जनावराशी ताकदीची झुंज माणूस जिंकूच शकत नाही. त्याला बोटांच्या इशाऱ्याने विचारायचं असतं, आणि ते विचारण्याचं साधन म्हणजे कडी. वाईट हातात हीच कडी छळाचं हत्यार होते, हेही खरं.

आता बसण्याची जागा. इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकातल्या मेसोपोटेमियातल्या आणि इजिप्तमधल्या चित्रांत स्वार घोड्याच्या पुठ्ठ्यावर, अगदी मागे बसलेला दिसतो. गाढवावर तसंच बसतात, कारण गाढवाचा पुढचा भाग ठेंगणा असतो आणि मागचा भाग बसायला सोयीचा. माणसाने गाढवाची सवय घोड्यावर चढवली. पण घोडा धावतो तेव्हा सर्वांत जास्त उसळतो तो पुठ्ठाच. शिवाय घोड्याच्या वजनाचा मध्य पुढच्या पायांच्या थोडा मागे असतो. स्वार त्याच्या जवळ बसला तर दोघांचा तोल एकत्र येतो, लांब बसला तर घोडा एकीकडे जातो आणि स्वार दुसरीकडे. खांद्यांच्या उंचवट्याच्या मागे, जिथे आज खोगीर ठेवतात, तिथपर्यंत पुढे सरकायला माणसाला अनेक शतकं लागली. मांड पक्की असणं म्हणजे काय, याचा सगळा अर्थ या दोन वितींच्या अंतरात आहे.

आजच्या उत्तर इराकमधल्या निमरूदच्या राजवाड्यातल्या असिरियन शिल्पपटांत, इ.स.पू. नवव्या शतकातल्या, एक विलक्षण जोडी दिसते. दोन घोडेस्वार शेजारी-शेजारी धावत आहेत. एकाच्या हातात धनुष्य आहे आणि तो नेम धरतो आहे. दुसरा आपल्या घोड्याचा लगाम एका हातात आणि सोबत्याच्या घोड्याचा लगाम दुसऱ्या हातात धरून आहे. म्हणजे ही रथातलीच जोडी, सारथी आणि धनुर्धर. फक्त मधला रथ काढून टाकलेला. बाण मारायला दोन्ही हात लागतात, आणि लगाम सोडला तर घोडा कुठे जाईल याचा भरवसा नाही, म्हणून ही युक्ती. दोनशे वर्षांनी, असिरियन राजा असुरबनिपालच्या काळात, स्वार एकटा आहे आणि लगाम सोडून बाण मारतो आहे. या दोनशे वर्षांत काय बदललं? नवं हत्यार आलं नाही. गुडघ्यांनी आणि मांड्यांनी घोड्याशी बोलणं जमू लागलं, घोडे त्या भाषेत तयार होऊ लागले. शिल्पात दोरी, धनुष्य, दाढीचे केस सगळं कोरता येतं. ही शिकवण कोरता येत नाही, पण बदललेल्या बैठकीतून ती स्पष्ट दिसते.

स्वारीने माणसाच्या कपड्यांतही बदल घडवला. चीनच्या पश्चिमेला तुर्फानजवळ यांगहाई इथल्या थडग्यांत लोकरीच्या पायजम्यांचे जोड सापडले, इ.स.पू. तेराव्या ते दहाव्या शतकातले. जगातले ठाऊक असलेले हे सर्वांत जुने पायजमे. दोन पायांचे दोन तुकडे आणि मधोमध रुंद पाचर, म्हणजे पाय पसरून बसलं तरी कापड ताणणार नाही आणि मांड्या सोलवटणार नाहीत. धोतर आणि झगे नेसणाऱ्या लोकांना हा पोशाख परका वाटे. चीनमधल्या झाओ राज्याचा राजा वुलिंग याने इ.स.पू. ३०७ मध्ये आपल्या सैन्याला उत्तरेकडच्या भटक्यांसारखे पायजमे घालायला आणि घोड्यावरून बाण मारायला लावलं, तेव्हा दरबारात मोठा विरोध झाला होता.

खोगीर मात्र अजून नव्हतं. असिरियन, इराणी, ग्रीक स्वार नुसत्या कापडावर किंवा कातड्यावर बसत. त्यात स्वाराची सोय होते, घोड्याची होत नाही. बसणाऱ्याच्या ढुंगणाची दोन हाडं घोड्याच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, तळहाताएवढ्या जागेत, सगळं वजन टाकतात. यांगहाईतच सापडलेलं, इ.स.पू. आठव्या ते चौथ्या शतकांदरम्यानचं एक चामड्याचं खोगीर आज सर्वांत जुनं मानलं जातं. त्यात गवत आणि जनावरांचे केस भरलेल्या दोन उशा आहेत. अल्ताई पर्वतात, पाझिरिकच्या गोठलेल्या थडग्यांत, अशाच भरीव उशांची सुंदर सजवलेली नमद्याची खोगिरं मिळाली. तरीही त्या भागातल्या लोहयुगीन घोड्यांच्या मणक्यांवर, नेमक्या बसण्याच्या जागी, रोगट वाढ आढळते. मऊ उशी पुरेशी नव्हती.

उत्तर मिळालं ते लाकडात. खोगिराच्या आत लाकडी सांगाडा आला आणि वजन दोन लांब फळ्यांवर, फासळ्यांच्या वरच्या रुंद स्नायूंवर पसरलं. मधोमध कण्यावर पोकळी राहिली, तिथे काहीच टेकेना. डोक्यावर घागर घेणारी बाई चुंबळ ठेवते, तेव्हा घागरीचं वजन टाळूच्या एका बिंदूवर न राहता गोल कडेवर पसरतं आणि मधली जागा मोकळी राहते. खोगिराचा सांगाडा घोड्यासाठी हेच काम करतो. लाकडाची आणखी एक सोय होती. ते कडक असल्यामुळे त्याला काहीतरी लटकवता येत होतं.

लटकवलं काय? रिकीब. घोड्याच्या सगळ्या सामानात ही सर्वांत साधी वस्तू: पाय ठेवायला एक कडी. आणि आली सर्वांत शेवटी. सिकंदर रिकिबीशिवाय लढला. इ.स.पू. ३२६ मध्ये झेलमच्या काठी पोरसचे रथ पावसाच्या चिखलात रुतले आणि सिकंदराचे घोडेस्वार बाजूने फिरून आले, तेव्हा त्या स्वारांचे पाय मोकळे लोंबत होते. इराणातले पार्थियन लोक धावत्या घोड्यावरून मागे वळून बाण मारत, तेही रिकिबीशिवाय. म्हणून रिकीब आली आणि घोडदळ जन्माला आलं, असं कोणी सांगितलं तर ते मानू नये. तशीच, रिकिबीमुळेच युरोपात सरंजामशाही आली, ही १९६२ साली मांडली गेलेली आणि पुढे खूप गाजलेली कल्पनाही मला फार सोपी वाटते. एका कडीवर अख्खी समाजव्यवस्था उभी राहत नाही.

रिकिबीची पहिली चाहूल आपल्याच देशातून लागते, आणि याचा उल्लेख मराठीत फार कमी होतो याचं मला वाईट वाटतं. सांचीच्या शिल्पांत स्वाराच्या पायाच्या अंगठ्यासाठी पट्ट्याचा फास दिसतो. उघड्या पायांनी फिरणाऱ्या, उष्ण मुलखातल्या लोकांना ही युक्ती सुचली. थंडीत जाड बूट घालणाऱ्या लोकांना अंगठ्याचा फास निरुपयोगी होता. पूर्ण पाऊल मावणारी रिकीब चीनमध्ये दिसते. चांगशाजवळच्या इ.स. ३०२ च्या थडग्यातल्या मातीच्या स्वाराला एकाच बाजूला छोटी रिकीब आहे, बहुधा फक्त चढण्यासाठी. त्यानंतर थोड्याच वर्षांत दोन्ही बाजूंच्या रिकिबी दिसू लागतात. इ.स. ४१५ मध्ये वारलेल्या फेंग सुफू या सरदाराच्या थडग्यात लाकडावर धातूचा पत्रा मढवलेली रिकिबींची खरी जोडी मिळाली. सहाव्या-सातव्या शतकात अवार टोळ्यांनी ती युरोपात नेली.

रिकिबीने नेमकं काय दिलं? बाजूचा तोल. तलवार मारताना स्वार डावी-उजवीकडे झुकतो, त्या वेळी पायाखाली आधार मिळाला. लांबच्या प्रवासात लोंबणारे पाय सुन्न व्हायचे, ते थांबलं. दुडक्या चालीत क्षणभर उभं राहून घोड्याच्या पाठीला विसावा देता येऊ लागला. आणि माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे जन्मापासून घोड्यावर वाढला नाही अशा माणसालाही थोड्या काळात स्वार होता येऊ लागलं. शेतकऱ्याच्या पोराला सैन्यात घेऊन घोड्यावर बसवणं शक्य झालं.

ही विद्या दक्षिणेत पोचली, पण घोडा इथे रुजला नाही, आणि इथे गोव्याचा इतिहास या गोष्टीत शिरतो. घोडा कोरड्या गवताळ रानातला. आपल्या किनाऱ्यावर चार महिने पाऊस, ओल्या जमिनीत खूर मऊ पडून सडतात, आणि चरायला धड कुरण नाही. भाताच्या पेंढ्यात सत्त्व कमी. कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम थोडं, त्यामुळे त्यावर वाढवलेल्या घोड्याची हाडं ठिसूळ होतात. माश्यांमुळे पसरणारा सर्रा रोग वेगळाच. दक्षिणेतल्या पूर्व किनाऱ्यावर घोड्यांना शिजवलेला भात आणि मांस खाऊ घालतात आणि ते फार जगत नाहीत, असं मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या शेवटी लिहून ठेवलं. म्हणून दक्षिणेतल्या राजांना घोडे पुन्हा पुन्हा समुद्रापलीकडून आणावे लागत.

मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने चौदाव्या शतकाच्या चाळिशीत होन्नावरच्या सुलतानाबरोबर गोव्यावरच्या स्वारीत भाग घेतला. त्या ताफ्यातली दोन जहाजं मागच्या बाजूने उघडणारी होती, आत घोडे बांधलेले. स्वार जहाजातच घोड्यावर चढत, चिलखत घालत आणि तसेच थेट किनाऱ्यावर उतरत. खोगीर आणि रिकीब नसती तर हलत्या जहाजातून असं बाहेर पडणं किती जणांना जमलं असतं, हा विचार करण्यासारखा आहे.

१४७२ साली बहमनी वजीर महमूद गावान याने गोवा जिंकला, त्यामागे घोड्यांच्या व्यापाराचं बंदर हातात घेणं हा मोठा हेतू होता. बहमनी आणि विजयनगर दोघांनाही अरबी, इराणी घोडे हवे होते आणि ज्याच्या ताब्यात बंदर, त्याच्या हातात दुसऱ्याची नाडी. १५१० मध्ये अफोंसो द अल्बुकर्कने आदिलशहाकडून गोवा घेतला आणि हे गणित त्याला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. इराणी आखाताच्या तोंडावरच्या होर्मुझ बंदरातून येणारे घोडे गोव्यातच उतरले पाहिजेत, असा पोर्तुगीजांनी आग्रह धरला. घोडे आणणाऱ्या व्यापाऱ्यांना बाकीच्या मालावरच्या जकातीत सवलत दिली आणि घोड्यावर मात्र भरभक्कम जकात बसवली. घोडे कोणाला मिळू द्यायचे, कृष्णदेवरायाला की विजापूरला, यावर अल्बुकर्कने बोलणी चालवली. विजयनगरचं बारीक वर्णन लिहून ठेवणारा फर्नाव नूनिश हा स्वतः घोड्यांचा व्यापारी होता. १५८३ ते १५८८ या काळात जुन्या गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्स्होटेन सांगतो की तिथल्या मोठ्या रस्त्यावर रोज भरणाऱ्या लिलावात अरबी घोडेही विकायला असत, आणि त्यांच्या शेजारीच गुलाम म्हणून विकली जाणारी माणसंही. त्या व्यापाराची श्रीमंती सांगताना ही दुसरी ओळ गाळू नये.

१५६५ च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगर कोसळलं आणि गोव्याचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक गेलं. घोड्यांवरच्या जकातीचं उत्पन्न पूर्वीसारखं राहिलं नाही.

दख्खनने मात्र दुसरी वाट काढली. घाटावरच्या कोरड्या पट्ट्यात, भीमा आणि नीरा नद्यांच्या खोऱ्यांत, बाहेरून आलेल्या अरबी-इराणी रक्ताचा इथल्या तट्टांशी संकर होऊन भीमथडी घोडा तयार झाला. दिसायला अरबी घोड्याइतका देखणा नाही, उंचीला बेताचा, पण कडब्यावर जगणारा, डोंगर चढणारा, उन्हाला न डगमगणारा. मराठ्यांच्या घोडदळाचा वेग अशाच घोड्यांवर उभा होता, मग स्वार सरकारी घोड्यावरचा बारगीर असो की स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार. इंग्रजी अमलात घोडदळं मोडली आणि या घोड्याला कोणी विचारेनासं झालं. आता अलीकडे त्याला स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद मिळाली आहे. मधल्या काळात तो टिकून राहिला तो मुख्यतः धनगरांमुळे. मेंढरांमागे फिरताना पालाचं सामान, भांडीकुंडी, कोकरं ते याच घोड्यांवर लादतात.